ततईम

सोहारच्या आरोग्य केंद्रात, खोली नंबर चार,
अकरा वर्षं मी बाळांना लस टोचते.
दारावर अरबीत पाटी : ततईम.
हमूद मक्बाली नातीला घेऊन आले, दोन महिन्यांची,
ती रडून थांबली तेव्हा म्हणाले, सिस्टर,
उद्या माझ्या बागेतही ततईम आहे. लिंबांना.
मला वाटलं, झाडांना सुया?
त्यांनी दोन बोटं एकमेकांत रुतवून दाखवली.
कलम.
लस आणि कलम, यांच्याकडे एकच शब्द.
आणि कलम म्हणजे नुसती लेखणी.
ती माझ्या खिशाला होती, निळी, गळकी.

माझ्याकडेही एक झाड होतं.
केनियाहून आलेलं अव्होकाडो, साखर घालून खाल्लेलं,
त्याची बी चार टूथपिकांवर टेकवली ग्लासात
आणि विसरले.
सात वर्षांत ते भाड्याच्या अंगणात भिंतीच्या वर गेलं.
पाणी समुद्राचंच, गोडं केलेलं,
पण मुळांना काहीतरी आठवत असावं,
पानांच्या कडा करपायच्या, चहा सांडलेल्या वहीसारख्या.
जून ते सप्टेंबर त्याच्यावर दवाखान्याची जुनी चादर,
खोडाला चुना.
मोहर एकदा आला. फळ नाही.

बाबांना व्हिडिओवर दाखवलं.
वेंगुर्ल्याच्या रोपवाटिकेत ते शेकड्याच्या हिशेबानं
आंब्याची कलमं बांधत,
पट्टी दातांत धरून, दिवसभर,
म्हणून घरी आल्यावरही फारसं बोलत नसत.
झाड बघून म्हणाले,
‘बियेचा झाड ता. दिल्यान तर दिल्यान, नाय तर सावली.’

फेब्रुवारीत हमूद काड्या घेऊन आले,
डोंगराकडच्या शेतातल्या, फळ देणाऱ्या झाडाच्या,
ओल्या फडक्यात, थंड पेटीत.
सवयीनं मी आधी पेटीतलं तापमान पाहिलं.
मझनाही आली होती.
मझनाला मी माझं काम शिकवते आहे,
ऑगस्टपासून खोली नंबर चार तिची.
चांगली शिकते. हात हलका आहे.

सगळ्या फांद्या छाटा, हमूद म्हणाले, एक सोडून.
ती एक राहू दे, ती बाकीच्यांना दूध पाजील.
करवत मीच धरली.
मझना ‘या अल्लाह’ म्हणाली,
आणि भिंतीवर अचानक इतकं ऊन.

अकरा नंबरचं पातं, स्पिरिटनं पुसलेलं.
फांदी अंगठ्याएवढी, काडी करंगळीहून बारीक.
काही केल्या बसेना.
खुर्चीला टेकवलेल्या फोनमधून बाबा :
‘दोन्ही बाजू नाय जुळत? मगे एकच जुळव.
हिरव्याक हिरवा लागूक होया.
मधला लाकूड काय कामाचा नाय.’
मझनाला मी ते अरबीत सांगितलं,
निम्मंच जमलं.
तिनं खाली वाकून डावी बाजू पाहिली,
नखानं काडी केसभर सरकवली
आणि मान हलवली.

मी पट्टी दातांत धरली.
फोनमध्ये बाबा हसले.
मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प.

सहा कलमं.
त्यातली चार काळी पडणार होती,
ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.
फळ कधी, मझनानं विचारलं.
तीन वर्षं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाच्या फाटकाकडे,
आणि खिशातली माझी लेखणी काढून
चिठ्ठीवर तारीख घातली, उजवीकडून डावीकडे,
खाली स्वतःचं नाव.

हमूद हात धुवायला गेले.
मी पातं कागदात गुंडाळलं, निघायला उठले,
तर मझनानं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढल्या
झाडासमोर.
बसा सिस्टर, म्हणाली.
लशीनंतर अर्धा तास थांबवायचं,
काही त्रास होतो का बघायचं,
तुम्हीच शिकवलंत ना.

तिनं घड्याळ पाहिलं.
चार वाजून दहा मिनिटं.
आम्ही बसलो.