कायतानच्या फोनमध्ये काय घातलं

कायतानला फोन लागला हौशीत,
जुव्याच्या फेस्ताला, शेवटच्या फुल हाउसला,
सत्त्याहत्तर नंबरवर.
गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात
मिरच्या घेण्याआधी तो माझ्या दुकानात आला.
डबा अजून प्लास्टिकसकट,
मिसाच्या पुस्तकासारखा दोन्ही हातांत धरलेला.
म्हणाला, ह्यात घालतात ते घाल.

मी म्हटलं, सगळे घालतात ते मी घालणार नाही.
ते तुझ्या पुतण्या घालतील,
मग तू रोज सकाळी गावभर गुलाब पाठवत बसशील.
मी घालते ते, जे कुणी सांगत नाही.

हे बघ, भिंग.
खिशातली ती बाटली काढ, तारीख वाच.
तारीख गेल्या नाताळातली निघाली.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

हे पाणसळ.
फोन आडवा ठेव, बुडबुडा मधोमध आला की समज सरळ.
माझं काउंटर म्हणे फोंड्याकडे झुकलंय.
सात वर्षं सुटे पैसे त्याच बाजूला का घरंगळतात
ते आज कळलं.

हे पाखरांचं. ते ओरडतं, हे नाव सांगतं.
काल शेजारच्या रसवाल्याच्या मिक्सरला ह्याने
भारद्वाज म्हटलं,
तेव्हा दहातले सात खरे धर.

हे ताऱ्यांचं. वर धर, ढगांतूनही दाखवतं.
खाली धरलास तर जमिनीखालचे,
पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचे.
कायतानने एक पाय किंचित उचलला.

आणि हे खास तुझ्यासाठी, भरती-ओहोटीचं.
कायतान मानशीकार.
मानस म्हणजे मन नव्हे, घाटावरच्यांनी घोळ करू नये;
खाजणाच्या बांधातली लाकडी दारं,
भरती आली की पाण्यानेच मिटणारी,
ओसरली की पाण्यानेच उघडणारी.
त्याने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.
“हें मुरगांवचें उदक, बाय.
आमचें येता दीड वर मागीर.”
शोधत शोधत मी सेटिंगच्या तळाशी गेले.
तिथे वेळ पुढे सरकवायची एक जागा होती,
मला माहीत नसलेली. नव्वद मिनिटं घातली.
तो म्हणाला, अमाशेक शंभर.
शंभराची सोय दिसली नाही.

आता शेवटचं, निव्वळ गंमत.
हे आवाज मोजतं. हा काटा.
नारळावर कोयता, एकाहत्तर.
पिएदाद बांगड्यांचा भाव सांगते, नव्वद.
मग पणजीची बस अगदी पाठीशी येऊन हॉर्न मारत गेली,
काटा शेवटाला टेकला,
आणि कायतान काट्याकडेच बघत राहिला.
वळला नाही.
तेव्हा माझ्या ध्यानात आलं,
मगापासून मी ओरडून बोलतेय.

पाण्याचा दाखवील? त्याने विचारलं.
कसल्या पाण्याचा?
रात्रीच्या.
दारं मिटतात तेव्हा होतो तो.
चाळीस वर्षं त्यानेच जाग यायची.
आता डुलसिन हलवते. तिलाही कधी झोप लागते.

मी म्हटलं, बघ धरून.
जास्त काही सांगितलं नाही,
फोन पाण्यात पाडू नकोस, एवढंच.

पुढच्या गुरुवारी हौशीच्या तिकिटामागे
पेन्सिलीने लिहून आणलं होतं:
दारं उघडी, बावन्न.
मिटताना, अडुसष्ट.
मिटल्यावर, एकेचाळीस, बेडूक धरून.
तिकीट मला द्यायला आणलं होतं की दाखवायला, कळेना.
मी परत केलं, त्याने घडी करून खिशात घातलं.

बाकीचं काढ, म्हणाला.
पाखरांचं काढ, ती मला दिसतात.
भिंग ठेव. पाणसळही असू दे,
यंदा बांध एका बाजूने खचलाय.
आणि तारे?
असू देत. पण खालचे नकोत.

पैसे मी घेतले नाहीत, तर कागदात बांधलेली सुंगटं ठेवून गेला.
कागदातून पाणी झिरपत होतं,
काउंटरवरून सावकाश,
फोंड्याच्या दिशेने.