आठशे मेगाहर्ट्झ

सुसामिरच्या वर एक खिंड आहे,
तिथे पत्र्याची खोली.
आत मी, तोक्तोसुन-आबा, शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी
आणि एक संगणक,
त्याला उताराच्या बर्फाचं ऐकायचं काम दिलंय.
बर्फ सुटला तर खाली रस्त्यावरचा अडसर पडायला हवा,
ट्रक येण्याआधी.

बाहेर उणे एकतीस.
सौर पाटी खरवडून खरवडून माझी बोटं सोलली,
पण खाली सूर्य कुठला उगवणार?
सोमवार. बॅटरी अठ्ठेचाळीस टक्के.
गाडी शुक्रवारी, रस्ता उघडला तर.

कर्नलच्या पोटात एक गव्हर्नर बसलेला असतो,
कुणी न निवडलेला.
काम दिसलं की तो घड्याळ ताणतो
चोवीसशे मेगाहर्ट्झपर्यंत,
मग आपणच घाबरल्यासारखा खाली येतो.
मी त्याच्या फाईलीत आकडा लिहिला:
कमाल आठशे.
एंटर दाबताना वाटलं
कुणाच्या तरी तोंडात लगाम घातला.

"हळू केलंस?" आबांनी विचारलं.
"हो."
"बरं केलंस, बेगिमाय. चढाला घोडी चालवतात,
पळवत नाहीत."
मला हे वाक्य फार आवडलं.
त्या रात्री मी चांगली झोपले.

सकाळी एकतीस.
मी पडदा पुसून पुन्हा पाहिलं.
एकतीसच.
सतरा टक्के गेले होते,
आदल्या रात्री, मोकाट वेगात, सोळा गेले होते.

अर्धा दिवस नोंदी वाचत बसले.
प्रत्येक दहा मिनिटांचं गणित
आधी तीन मिनिटांत उरकायचं,
आता नऊ मिनिटं रांगत होतं,
आणि तेवढा वेळ मेमरी जागी, डिस्क जागी, रेडिओ जागा,
घरात एकच जण जेवतोय
आणि सगळे दिवे चालू.
झोपायला उरलं एक मिनिट.
एका मिनिटात कोण झोपतं?

आबांना सांगितलं. ते हसले,
दात नसलेलं, मोठ्ठं हसले.
"खिंडीत वारा सुटला की
रेंगाळणारी घोडी थंडीनंच मरते.
तिथे पळव. गोठ्यात ने. वर घोंगडी टाक."
"काल तर म्हणालात पळवू नका!"
"काल तू चढाचं विचारलंस."

(मी चढाचं विचारलंच नव्हतं.
पण सत्तर हिवाळे पाहिलेल्या माणसाशी
कोण वाद घालणार?)

मग मंगळवारभर नुसते आकडे.
घड्याळ उतरलं की विजेचा दाबही उतरवता येतो,
आणि दाब उतरला की खर्च वर्गानं उतरतो,
पण एका पायरीपर्यंतच.
त्याखाली दाब थांबतो,
नुसता वेळ वाढत जातो.
ती पायरी सापडली चौदाशेवर.
चौदाशेनं धावायचं, साडेचार मिनिटांत संपवायचं,
मग गाढ झोप,
रेडिओसकट सगळं बंद.
फक्त बर्फात पुरलेला कान जागा,
जो नखाएवढ्या विजेवर जगतो
आणि खरंच काही हललं
तरच डोक्याला हलवून उठवतो.

बुधवारी सकाळी अठरा.
गुरुवारी सकाळी चौदा.
मी आकडे डब्याच्या झाकणावर खडूनं लिहीत होते,
पडदा लावायलाही वीज लागते म्हणून.

गुरुवारी रात्री दोन वाजता तो उठला.
हिरवा दिवा. चौदाशे. साडेचार मिनिटं.
मी श्वास धरून मोजत होते, आबाही,
त्यांना मोजायचं काय ते ठाऊक नसताना.
रेडिओवर खालचा अडसरवाला झोपेत बोलला,
"पाडला. कुणी नाहीये रस्त्यावर.
नुसता वारा असेल."
असेलही.

दिवा विझला.
आबा उठले, घोंगडी घेऊन बाहेर गेले,
घोडीच्या पाठीवरची सरकली होती म्हणे.
परत आल्यावर दारातूनच विचारलं,
"किती?"
"अकरा," मी म्हटलं.
त्यांनी शेगडीत अर्धी गोवरी टाकली,
उरलेली अर्धी
पुन्हा पोत्यात ठेवली.