दोन पॉइंट चार

पाणी पाचव्या दिवशी येतं, वेळ सांगून येत नाही.
गेल्या खेपेला रात्री पावणेतीन.
आई जिना उतरली गुडघा धरून,
हौदाजवळची मोटार चालू केली
आणि वरची टाकी भरेपर्यंत पायरीवरच बसली.
मी तेव्हा सिव्हिलमध्ये, नाइट ड्युटीला,
कुणाचं तरी सलाइन बदलत.

म्हणून हा प्लग. अंबादासनं पुण्याहून पाठवलेला,
पांढरा, साबणाच्या वडीएवढा, कोपऱ्यात एक निळा दिवा.
नान्नांनी चष्मा कपाळावर सरकवून उलटासुलटा पाहिला.
"सोळा अँपिअर. चालेल."
चाळीस वर्षं मागांवर जॉबर होते.
डावा कान तिथंच राहिला, कारखान्यात.

दिवा लुकलुकतो. ॲप शोधतं.
सत्त्याण्णव टक्क्यांवर येतं आणि बसतं,
तिथून पुढं जायचं नाही म्हणून.
"तार तुटली असेल."
"नान्ना, वायरलेस आहे हे."
"मग काय झालं? न दिसणारी तार तुटत नाही होय?"

चौथ्यांदा. सहाव्यांदा.
पासवर्ड बरोबर आहे, आईचं जन्मसाल
(आधारवरचं; खरं कुणालाच माहीत नाही).
शेवटी केबलवाल्या सिद्रामला फोन लावला.
"ताई, तुमचा फोन पाचवर हाय,
आन त्या प्लगला दोन पॉइंट चारच कळतंय.
राउटरनं दोघास्नी एकच नाव दिलंय बघा.
नावं वेगळी करा की, भांडण मिटलं."

राउटरच्या पोटावरचा स्टिकर टॉर्चखाली वाचला.
पाच वेगाचा, सिनेमा अडखळत नाही त्यावर,
पण आमच्या दीड फुटी दगडी भिंतीशी
त्याचा दम संपतो.
दुसरा सावकाश. जिन्याखालून, पत्र्याच्या मागून,
शेजारच्या शेडमधल्या खटाखटीतून
हौदापर्यंत जातो, थोडा उशिरा, पण जातो.

"याला नाव काय देऊ?"
आई टॉवेलच्या कडा शिवत होती, गठ्ठ्यात अजून पन्नास.
घरात तेलुगू, दारात मराठी, बँकेत गप्प,
अशी ती. दोरा दातानं तोडून म्हणाली,
"नीळ्ळु ठेव. पाण्यासाठीच चाललंय ना सगळं."

इंग्रजी अक्षरांत नीळ्ळु लिहिलं.
दोनदा चुकलं, ळ कुठल्या अक्षरानं लिहायचा
हे राउटरलाही ठाऊक नव्हतं.
फोन नीळ्ळुवर आणला. दिवा लुकलुकला,
सत्त्याण्णव,
अठ्ठ्याण्णव,
आणि खाली हौदाशी टक् झालं.
नान्नांनी भिंतीला तळवा लावला,
पूर्वी मागाच्या चौकटीला लावायचे तसा.
"चालली," म्हणाले. आम्हाला कुणालाच
अजून काही ऐकू आलं नव्हतं.
मग लगेच ओरडले, "बंद कर, बंद कर, हौद कोरडा आहे!"

पाचवा दिवस. रात्री दोन चाळीस.
वॉर्डात पंखे, झोपेतली कण्हणी, आणि खिशात थरथर.
"वच्चिनय," आई म्हणाली, एवढंच.
मी खिडकीशी गेले, अंगठा टेकवला,
आणि पूर्व भागात, एका बोळाच्या टोकाला,
माझ्या अंगठ्यानं मोटार सुरू झाली.
फोनमधूनच ऐकू आली. फार जवळून.

"आई, तू कुठं आहेस?"
"पायरीवर."
"अगं, मग हे सगळं कशासाठी केलं?"
"टाकी भरून वाहायला लागली तर
तुझ्या प्लगला दिसणार आहे का?"
मग जरा थांबून,
"चालू केलंस ते बरं झालं. वाकावं नाही लागलं."

मला पुढं काही सुचेना.
फोन तसाच धरून उभी राहिले, मोटार घुमत होती,
दोघींच्या मध्ये कुणी बोलत नव्हतं.

नऊ नंबरच्या बेडवरची म्हातारी,
दोन दिवस डोळे न उघडलेली,
मान न हलवता म्हणाली,
"सिस्टर, कुठल्या पेठेला सुटलंय पाणी?"