जागा अडवलेली

बहिणीचं घर आवरताना, फडताळात मागे
चहाचा डबा सापडला. आत चहा नव्हता.
कागदाच्या पुडीत सुकलेल्या अळंब्या,
टोकदार टोप्यांच्या, चपलेच्या खिळ्यांएवढ्या.
पुडीवर रांगफ्रीचं अक्षर:
‘ऑक्टोबर. सिव्हेर्टचं कुरण. चांगलं वर्ष.’

मार्चमध्ये गेली ती. डोक्यातली एक नस,
सकाळी दात घासताना.

मला तिनं कधी दिल्या नाहीत.
‘तुझ्यासाठी नाहीत या,’ म्हणायची
आणि खिसा दाबून धरायची,
लहानपणी खाऊ लपवायची तसा.
मग सांगत बसायची:
कुरणाचा दगडी बांध कसा श्वास घेतो,
दगड गुणगुणतात, गवताला मागचं सगळं आठवतं.
मी मान डोलवायचो.
मला दगडांनी काही न खाताच हाका मारल्या होत्या,
एकोणिसाव्या वर्षी,
आणि ते गुणगुणत नव्हते,
माझा पत्ता एकमेकांना सांगत होते.

तेव्हापासून ओलान्झापिन. अकरा वर्षं,
रात्री नऊला, अर्धा पेला पाणी.

मे महिना होता. उत्तरेकडचा उजेड,
जो जेवणं झाली तरी उठायचं नाव घेत नाही.
मी तिच्या बांधाला पाठ टेकून बसलो
आणि पुडी खाल्ली.
ओल्या पुठ्ठ्याची चव.
मला काही दिसायला नको होतं, खरं सांगतो.
तिच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, एकदा,
ती बसायची तिथे.

तास गेला.
कोकरं आईला ढुशा देत होती.
दुसरा तास. पोटात थोडी कालवाकालव,
एक जांभई, मग दुसरी.
दीपगृह आपल्या वेळेला लागलं.
मी दगडाला हात लावून पाहिला.
गार होता. दगड होता.
एक मेंढी आली, रिकामी पुडी हुंगली,
आणि माझ्याकडे अशी बघत राहिली
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बोर्गहिल्डला सांगितलं मंगळवारी.
ती वजन घेत होती. काट्यावरून उतरू दिलं नाही.
‘गोळी चुकवली होतीस?’
नाही.
‘एकही?’
नाही म्हटलं ना.
तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला
आणि पाकिटामागे पेन्सिलीनं खुर्च्या काढल्या, एक रांग.
‘या तुझ्या मेंदूतल्या. सेरोटोनिनच्या.
अळंबीला इथेच बसायचं असतं, इथे बसली तरच तिचा खेळ.
पण तुझ्या गोळीनं आधीच रुमाल टाकून ठेवलेत,
जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर.
बिचारी उभ्याउभ्या आली, उभ्याउभ्या गेली.’
मी हसलो. ती हसली नाही.
‘सगळ्याच गोळ्या इतक्या नीट जागा धरत नाहीत.
काही दुसरीकडेच बसतात. आणि तू आदल्या आठवड्यात
जर का चार दिवस...’
वाक्य तिनं तिथेच ठेवलं.
पेन्सिलीचं टोक तेवढं एका खुर्चीवर टेकून राहिलं,
कागदाला भोक पडेपर्यंत.

मग म्हणाली, कंबर मोजूया.
चार सेंटीमीटर वाढली आहे.

परतताना बसमध्ये मला राग आला,
कुणाचा ते कळेना.
ज्या दारातून लोक हौसेनं आत शिरतात, तिकीट काढून,
त्या दारातून मला फरफटत बाहेर काढलं होतं,
चार जणांनी, स्टाव्हांगरच्या इस्पितळात.
आणि आता मी, शहाणा झालेला,
तेच दार वाजवत होतो, बहीण आहे का विचारायला,
तर आतून माझीच गोळी म्हणाली:
इथे कुणी राहत नाही.

खरं बोलली की खोटं, ठाऊक नाही.

पण त्या बांधापाशी मी पाच तास बसलो होतो
आणि पाच तास कुणीच माझं नाव घेतलं नव्हतं,
ना दगडांनी, ना समुद्रानं.
रांगफ्रीला हे सांगितलं असतं
तर तिला ते फार वाटलं असतं की फारच थोडं?

नऊ वाजले. बाहेर अजून उजेड.
पेला अर्धा भरला.
पुडीचा कागद मी टाकलेला नाही.
तिचा ‘ऑ’ नेहमी असाच, झाकण उघडं राहिलेला.