पस्तिसास एक

या गाडीचा नकाशा कुठेच नाही.
आली तेव्हा चारचौघींसारखी होती,
मग बबिन्याच्या उन्हात आम्हीच तिच्या पाठीवर
क्रेन बसवली. वेल्डिंग माझं,
हिशेब कुणाचाच नाही.
चिखलात रुतलेला रणगाडा ओढून काढायची
आणि पुष्कळदा मग स्वतःच रुतायची.

उरलाय एक फोटो.
डावीकडे ती, उजवीकडे काशिराम शिगवण,
हात कमरेवर, जणू सासऱ्याने दिलीय.
पट्टी लावली : काशिराम एक्केचाळीस मिलिमीटर,
गाडी एकशे सत्तर.
आता काशिराम खरा केवढा
एवढं कळलं की झालं.

खेडला फोन लावला.
“पाच आठ,” म्हणाला, क्षणभरही न थांबता.
“का रे चोगले, तिरडी बांधतोस?”

मग बसलो पडवीत, दोन पावसाळे.
हर्णैत मॉडेलचं सामान कोण ठेवणार?
फ्लेक्सवाल्या मुजीबने मागच्या निवडणुकीचे
सनबोर्ड दिले कापायला.
एका उमेदवाराचं अर्धं हसू
अजून गाडीच्या पोटात आहे,
बाहेरून ऑलिव्ह ग्रीन.
एक्झॉस्ट रिफिलचा, क्रेनचा दोर
फाटक्या जाळ्यातला.
पट्ट्याच्या कड्या एका बाजूला ब्याऐंशी,
एकेका कडीचे पाच तुकडे,
आणि खाली बंदरात लिलाव सुरू झाला
की माझी गणती चुकायची, पुन्हा एकपासून.
इंदू म्हणायची, उचला तुमची पलटण,
बांगडे साफ करायचेत.

गंज मात्र विकत घ्यावा लागला नाही.
ओढून ठेवलेल्या ट्रॉलरच्या नांगरावरून
चमचाभर खरवडला, कुपीत भरला.
वेल्डची शिवण
मेणबत्तीवर ताणलेल्या प्लास्टिकच्या धाग्याची,
त्यावर ब्लेडने खवले.
माझा हात डावीकडे झुकायचा तेव्हा,
सुभेदार ओरडायचा.
तशीच झुकवली.

नोव्हेंबरात काशिराम आला,
हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरून हवा होता.
चष्मा विसरला म्हणाला, म्हणून
डिस्चार्ज बुक माझ्याच हातात दिलं,
साखरेच्या पिशवीत गुंडाळलेलं.
नाव, नंबर, ओळखीची खूण : हनुवटीवर व्रण.
उंची : एकशे सदुसष्ट सेंटिमीटर.

साडेपाच. तेही जेमतेम.

मी पेन तसंच धरून बसलो.
म्हणजे माझी गाडी सात मिलिमीटर जास्त,
खऱ्या गाडीत धरलं तर वीतभर,
आणि रुंदीत, उंचीत, त्या चौऱ्याऐंशी चाव्यांच्या
बोल्टांत, सगळीकडे थोडी थोडी
काशिरामची थाप.

तो तोवर पडवीत गेला होता.
वाकला. क्रेनचा हूक करंगळीने हलवून पाहिला.
बराच वेळ काही बोलला नाही.
“हीच रे,” म्हणाला.
आणि मग, “जरा बारीक केलीस. खरी मोठी होती.”
चहा बशीत ओतून प्यायला,
सव्वापाचची दापोली पकडून गेला.

रात्री तारेवर पुट्टी चढवून
त्याचा पुतळा करायला घेतला.
सत्तेचाळीस करावा, की एकोणपन्नास?
भरती ओसरली तरी तार हातातच.

एकोणपन्नास केला. हात कमरेवर.
गाडीच्या उजवीकडे उभा केला
आणि शेजारी फोटो धरला :
कुठेच तफावत नाही.

फक्त तळाची पाटी खरवडावी लागली.
चौतिसास एक, असं लिहिलंय आता.
या दमट हवेत अक्षरं वाळायला दोन दिवस जातात,
माशी बसू नये म्हणून
इंदूची गाळणी उपडी घातलीय वर.