निवळ

दोंडाईच्यात पौष लागला की पथारीवर मिरची पसरते
आणि स्टेशनापासून आडतीपर्यंत सगळं गाव शिंकतं,
हमाल, पोस्टमन, पाण्यावर आलेल्या म्हशी.
मी काट्यापाशी पावत्या फाडते.
सगळ्यांच्या डोळ्यांना धार,
माझ्या नाही.
भटू हमाल म्हणायचा,
"ताई, तुन्हा डोया म्हंजे सरकारी नळ शे का?
पानीच येत नही."
मी हसायचे.
हसतानाही पापणी बुबुळावर अडकून
मग सुटायची.

आधी बोटं सुजली. मग तोंड सुकलं,
कळण्याच्या भाकरीच्या प्रत्येक घासामागे तांब्या.
मग डोळे.
सात वर्षं याला नावच नव्हतं.
चष्म्याचा नंबर बदलून झाला, गुलाबपाणी झालं,
सासूने गायीचं तूप घातलं, नवसही बोलली,
कोणाला ते मला सांगितलं नाही.

रात्री तीनला डोळा उघडणं म्हणजे
पत्र्यावरून लोखंडी पेटी ओढणं.
मे महिना, पंचेचाळीस अंश, आणि पंखा बंद,
कारण वारा लागला की डोळ्यात काच.
नवरा गच्चीवर झोपायला गेला.
रागावून नाही, घामाने.

धुळ्याला डॉक्टर बागूलांनी
खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली.
पाच मिनिटं मिटून बसा, म्हणाले.
बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं,
दणदणीत, उधळत.
केवढं श्रीमंत बाळ!
पट्टी काढून त्यांनी मोजली.
दोन मिलीमीटर.
"तुमचं शरीर तुमच्याच झऱ्यांवर धाड घालतंय,"
म्हणाले, आणि कागदावर नाव लिहिलं.
परदेशी नाव, पण नाव होतं.
मी ते घडी करून ब्लाउजात ठेवलं.

मग दंडातून रक्त घेतलं, सहा नळ्या.
ते उभं ठेवलं, फिरवलं,
आणि वर जे आलं ते पिवळसर,
शिजलेल्या तुरीवरच्या निवळासारखं.
त्याचेच थेंब. माझेच मला.
एसटीत थर्मास मांडीवर धरून बसले तर
शिंदखेड्याला कंडक्टर म्हणाला, "कुल्फी का, ताई?"

पहिला थेंब पडला. काही झालं नाही.
दुसरा आठवडाही कोरडाच गेला.
तिसऱ्यात एका सकाळी डोळा उघडला.
नुसता उघडला.
मी पडूनच राहिले,
मिटला, परत उघडला,
परत मिटला,
चहा उतू गेला तरी.

चैत्रात रोहित्र जळालं, दोन दिवस वीज नाही.
बाटल्या पदरात गुंडाळून
हमीद पिंजारीच्या गाडीकडे पळाले.
त्यांनी काही न विचारता मीठ-बर्फात जागा केली.
पिस्त्याच्या खाली माझं रक्त.
"नाव घाला बाई वर," म्हणाले,
"नाहीतर पोरगं कोणाला तरी देईल काडी लावून."

नणंद गेली तेव्हा तिरडीशेजारी थेंबांची वेळ झाली.
चार वाजले होते, घातले.
मागून आवाज आला,
"देख, रडाले बी बाटली लागस."
लागते.
वळून मी काही बोलले नाही.
गालावरून जे ओघळलं ते पुसलंही नाही,
महाग आहे ते,
आणि तिच्यासाठीच होतं की वेळेसाठी
हे मलाही नीट सांगता येणार नाही.

बरी झाले असं नाही.
बोटं सकाळी अजून आखडतात,
तांब्या अजून ताटाशी असतो,
मिरचीच्या दिवसांत गॉगल लावून काट्यावर बसते,
भटू त्यालाही काहीतरी नाव ठेवतोच.
पण परवा पट्टी चार म्हणाली.
चार.
पावतीच्या पाठीमागे तो आकडा लिहिला
आणि सवयीने
त्यावर आडतीचा शिक्का मारला.