एका शब्दाची उधारी

तळघरात उतरायला अकरा पायऱ्या, बारावीवर सगळेच ठेचकाळतात.
मी दिव्यांचा माणूस. एक स्पॉट, तीन रंगीत कागद,
आणि न्यूयॉर्कच्या जानेवारीत तालाआधी खोकणारा रेडिएटर.

आज रोझलिंड टीग. वय एकसष्ट, हिरवा मखमली झगा.
पाठीची चेन मीच लावून दिली, तिच्या बोटांत संधिवात.
पियानोवर ऑस्वाल्डो. बाकी तासभर ती एकटी
आणि हर्शेल विनाकूर, जाऊन चाळीस वर्षं झालेला,
ब्रॉन्क्समधल्या फरकोट शिवणाऱ्याचा मुलगा,
दोनशे गाण्यांचे शब्द ज्याचे, नाव नेहमी दुसऱ्याचं मोठं.

"चाल शिट्टी वाजवत घरी जाते," रोझलिंड म्हणते,
"शब्द बिचारे कोटासारखे खुर्चीवर विसरतात.
आज कोट घेऊन जा."
एकतीस माणसं हसतात.
इथे माणशी दोन पेयं सक्तीची, हसणं फुकट.

एका यमकासाठी तो म्हणे सबवेनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा,
तिथेही नाही सापडलं
तर परतीचं नाणं वाया गेलं म्हणून रात्रभर धुसफुसायचा.

मग ते गाणं. लग्नात, लिफ्टमध्ये, दंतवैद्याकडे वाजणारं.
मी गुलाबी कागद सरकवतो, कारण शेवटच्या ओळीत चंद्र आहे
आणि चंद्राला गुलाबी, असं माझ्याआधीच्या माणसानं
वहीत लिहून ठेवलंय.

खांबाआड एक म्हातारी. टोपी डोक्यावरच,
सक्तीचे दोन्ही जिंजर एल समोर तसेच.
ओठ हलतायत. हलू देत, सगळ्यांचेच हलतात.
पण चंद्र म्हणायला ओठांचा चंबू करावा लागतो.
तिनं केला नाही. तिचे दात दिसले.

रोझलिंडनंही पाहिलं. हात वर.
पियानो थांबला, रेडिएटर नाही.
"काय म्हणालात?"

"भाडं. मीच टाइप केलं होतं ते. एमा फुओको.
निर्मात्यानं लाल पेन्सिलीनं भाड्याचा चंद्र केला.
भाड्यावर कोण प्रेम करेल, म्हणाला.
हर्शेल काही बोलला नाही.
त्याचं भाडं थकलं होतं."

ऑस्वाल्डोनं दोन स्वर मागे घेतले.
शब्द ओळीच्या पोटात, यमकाला धक्का नाही, मात्राही तेवढीच.
आणि अंथरुणात जागी दोघं,
त्यांच्या डोक्यावर आता चंद्र नव्हता.

पहिल्या कडव्यातली ती मुलगी
बोटांवर काय मोजते, ते आज कळलं.
आम्ही समजत होतो, तारे.

मी गुलाबी कागद ओढून काढला.
नुसता दिवा. मखमलीवरचं रफू दिसलं,
रोझलिंडच्या मानेच्या वळ्या,
एमाबाईंनी टोपी का काढली नव्हती तेही थोडंसं.
टाळ्या उशिरा आल्या, एकेक करून,
जिना उतरणाऱ्यांसारख्या.

वहीत खाडाखोड केली: शेवटची ओळ, कागद नको.
जिंजर एल माझ्या खात्यावर.
परवा एक तारीख.